पहिला डंपर कुठे रिकामा होतो

खानदेशात कोळसा नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या पोटात आहे तो बेसॉल्ट, आणि तापीकाठी त्यावर गाळाची जाड थप्पी. त्यामुळे कोळशाच्या खाणीचा खड्डा हा आपल्याकडे चंद्रपूर-वणीचा प्रश्न समजला जातो. ही समजूत दीपनगरच्या आकड्यांपुढे टिकत नाही. भुसावळजवळच्या या औष्णिक वीज केंद्रातील 210 मेगावॉटचा एक आणि 500 मेगावॉटचे दोन संच मिळून क्षमता 1210 मेगावॉट होते. 660 मेगावॉटच्या नव्या संचाची भर वेगळी. जुने तीन संच सरासरी सत्तर टक्के क्षमतेने चालले आणि एका युनिटमागे सातशे ग्रॅम कोळसा जळाला, असे ढोबळमानाने धरू. वर्षाला सुमारे 52 लाख टन कोळसा लागेल, म्हणजे दररोज जवळजवळ चार मालगाड्या. आता हा कोळसा जमिनीत पसरलेला कल्पावा. चंद्रपूर-वणीच्या वर्धा खोऱ्यातला थर जिथे चांगला आहे तिथे पंधरा-वीस मीटर जाड आहे. पंधरा मीटर धरले आणि काढताना होणारी घट वजा केली, तर एका हेक्टरातून दोनेक लाख टन कोळसा निघतो. दीपनगरसाठी वर्षाला साधारण 26 हेक्टर, म्हणजे 65 एकर जमीन उलटीपालटी होते. थर पातळ असेल तिथे याहून जास्त. ही जमीन आपल्या सातबाऱ्यावर नाही एवढेच. तिच्यातून आलेली वीज आपल्या शेतपंपांना आणि घरांना लागते, राख आपल्या वेल्हाळ्याच्या तलावात साचते. खड्डा मात्र तिकडे राहतो.

तो खड्डा तसाच राहणे अपरिहार्य असते का, हा या लेखाचा प्रश्न आहे. खाण उद्योगाचे नेहमीचे उत्तर ऐकायला निरुत्तर करणारे असते: जमिनीतून कोट्यवधी टन माल काढून नेल्यावर पोकळी उरणारच, ती भरायला दुसरीकडून माती कुठून आणायची? या उत्तरातली गफलत समजायला थोडी अंकगणिताची तयारी पुरते. खुल्या खाणीत कोळशावरची माती, मुरूम, वालुकाश्म, म्हणजे खाणकामगार ज्याला ओव्हरबर्डन किंवा नुसते ‘ओबी’ म्हणतात, ती आधी काढावी लागते. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या खाणींत एक टन कोळशामागे चार ते पाच घनमीटर ओबी हलवावी लागते आणि कोल इंडियाच्या कंपन्यांत हे प्रमाण चढ्यापैकी आहे. समजा, वर 80 मीटर ओबी आणि खाली 15 मीटर कोळसा. एका हेक्टरचा खड्डा साडेनऊ लाख घनमीटरांचा होईल. त्यातला दीड लाख घनमीटर कोळसा गेला, आठ लाख घनमीटर ओबी उरली. पण सुरुंगाने फोडलेला खडक पूर्वीइतक्या जागेत मावत नाही. दगडांमधल्या फटींमुळे तो फुगतो आणि दबल्यावरही पंधरा-वीस टक्के फुगवटा शिल्लक राहतो. वीस टक्के धरला तर आठ लाखांचे नऊ लाख साठ हजार घनमीटर झाले. खड्डा साडेनऊ लाखांचाच होता. म्हणजे कोळसा नेऊनही तो भरून निघतो, वर थोडी माती उरतेच. थर जाड आणि ओबी कमी असेल तिथे जमीन काही मीटर खचलेली राहील, हे खरे. पण ती खोलगट जमीन असेल. शंभर मीटरांचे विवर तेवढ्याने होत नाही.

मग विवर येते कुठून? ते येते पहिल्या दोन-चार वर्षांतल्या मातीच्या प्रवासातून. खाण सुरू करताना जिथे थर जमिनीलगत आहे तिथे पहिली चर खोदतात. त्या वेळी आत टाकायला जागाच नसते, म्हणून ती ओबी खाणीच्या बाहेर, कोळसा नसलेल्या किंवा तसे मानलेल्या जमिनीवर टाकावी लागते. पुढे कोळसा काढून मोकळा झालेला तळ पुरेसा रुंद झाला, की पुढच्या पट्ट्याची ओबी मागच्या पोकळीत टाकता येते. खाण पुढे सरकते, भराव तिच्या मागोमाग सरकतो, आणि दोहोंमध्ये यंत्रे फिरण्यापुरते अंतर राहते. अशा रीतीने खाण शेवटच्या सीमेला पोहोचते तेव्हा तिथे एक पोकळी उरते. तिचा आकार, फुगवट्याचा हिशेब सोडला तर, सुरुवातीला बाहेर टाकलेल्या ढिगाऱ्याएवढा असतो. जितका डोंगर बाहेर तितका खड्डा आत. थर उतरता असल्याने खाण उथळ बाजूने खोल बाजूकडे जाते आणि ही पोकळी नेमकी सर्वांत खोल जागी पडते. तीस वर्षांनी उरणाऱ्या खड्ड्याचे माप पहिल्या तीन वर्षांतच ठरलेले असते, ते याचमुळे. शेतात विहीर खोदणारा गडी पहिले टोपले उचलण्याआधी मुरूम कोणत्या बांधावर टाकायचा ते विचारतो. खाणीच्या आराखड्याचे मर्म त्याहून वेगळे नाही.

कागदावर हे सगळे आराखड्यात असते. तरी बाहेरचे ढिगारे आराखड्यापेक्षा मोठे होतात, याची कारणे तांत्रिक कमी आणि व्यवहाराची जास्त आहेत. पहिले कारण जमिनीचे. कोळशाची जमीन प्रामुख्याने 1957 च्या कोळसाधारक क्षेत्र अधिनियमाखाली घेतली जाते; कागदोपत्री ती एकदम सरकारी कंपनीच्या नावे होते, पण प्रत्यक्ष ताबा तुकड्यातुकड्याने येतो. एखादे गाव उठत नाही, एखादा रस्ता वळत नाही, नोकऱ्यांचा वाद मिटत नाही. खाण पुढे सरकायची थांबली की मागे मोकळा तळ तयार होत नाही, उत्पादनाचे लक्ष्य मात्र थांबत नाही. मग मिळेल त्या बाजूने कोळसा काढायचा आणि ओबी बाहेर फेकायची, असे सुरू होते. दुसरे कारण वाहतुकीचे. ओबी काढण्याचे काम बहुतेक ठिकाणी कंत्राटावर आहे आणि डंपर जितका जवळ रिकामा होईल तितका खर्च कमी. या वर्षीचा एक किलोमीटर वाचवण्यासाठी वीस वर्षांनंतरचा खड्डा मोठा केला जातो, आणि तो निर्णय घेणारा अधिकारी तोवर निवृत्त झालेला असतो. यात कुणाची दुष्टाई शोधायची गरज नाही. ज्या हिशेबात फक्त चालू वर्ष मोजले जाते, त्यात चालू वर्षच जिंकणार.

ढिगाऱ्यांचा प्रश्न केवळ जागेचा असता तरी चालले असते. वर्धा खोऱ्यात वरचा थर काळ्या मातीचा आहे. खानदेशातल्या कापूस उत्पादकाला तिचा स्वभाव सांगायला नको: उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि निसरडी होते. तिच्यावर पन्नास-साठ मीटरांचा ढिगारा उभा केला आणि पाणी मुरले, तर पाया सरकतो. ढिगारा कोसळला म्हणजे काय होते ते 29 डिसेंबर 2016 रोजी झारखंडमधल्या राजमहल खाणीत दिसले. ईस्टर्न कोलफील्ड्सच्या त्या खाणीत दरड खाली आली आणि 23 कामगार गाडले गेले. वर्धा नदीच्या काठी दुखणे वेगळ्या रूपात येते. 2022 च्या पावसाळ्यात चंद्रपूर आणि वणी परिसरात पूर आले, तेव्हा नदी-नाल्यांच्या पात्रालगत उभ्या केलेल्या ढिगाऱ्यांवर गावकऱ्यांनी बोट ठेवले. पूर ढिगाऱ्यांनीच आणला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पाऊस आणि धरणांचा विसर्गही होता. पण नदीला पसरायची जागा अडवली की पाणी गावाकडे वळते, हे तापीकाठच्या माणसाला पटवून द्यावे लागत नाही.

आणि सुपीक मातीचे काय? वरची काळी माती वेगळी काढून ठेवावी आणि भरावावर पुन्हा पसरावी, ही अट खाणीच्या प्रत्येक परवानगीत असते. मात्र मातीत जीव असतो. वर्षानुवर्षे उंच ढिगात दाबून ठेवली तर खालच्या मातीत हवा राहत नाही, सूक्ष्मजीव मरतात, बियाणे मरते. म्हणून माती साठवायची नसते, फिरवायची असते: आज पुढच्या पट्ट्यावरून काढली, आज मागच्या भरावावर पसरली. हे तेव्हाच जमते जेव्हा मागे तयार भराव असतो. आतला भराव रेंगाळला की माती ढिगात कुजते, म्हणजे एक चूक दुसरीला जन्म देते.

‘पण आम्ही झाडे लावतो’ हे यावरचे सरकारी उत्तर. लावतात, हे मान्य केलेच पाहिजे. कोल इंडियाची नियोजन संस्था सीएमपीडीआय मोठ्या खुल्या खाणींची उपग्रह छायाचित्रे दर वर्षी तपासते आणि किती क्षेत्र भरले, किती हिरवे झाले याचे तक्ते काढते. देशातल्या फार कमी उद्योगांवर अशी नियमित नजर आहे. अडचण अशी की उपग्रहाला हिरवा रंग दिसतो. हिरव्याखाली माती वीतभर आहे की हातभर, आणि ती जमीन कुणाच्या नावे आहे, हे दिसत नाही. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागात जुन्या ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ माजली. तक्त्यात ते पुनर्वनीकरण. ताडोब्याच्या वाघ-बिबट्यांना मात्र वस्तीला खेटून लपायला जागा मिळाली आणि 2022 साली तिथल्या हल्ल्यांत माणसे दगावली. जंगलाला जंगल परत मिळाले नाही, शेतकऱ्याला शेत परत मिळाले नाही, आणि तक्ता मात्र पूर्ण झाला.

माझे म्हणणे त्यामुळे एका मुद्द्यावर येऊन ठेपते. भराव नीट होत नाही, कारण भरलेली जमीन कुणालाही परत द्यायची नसते. जी वस्तू परत करायची नाही ती कोण सांभाळून वापरेल? कायद्यात तशी सक्ती नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याने न वापरलेली जमीन पाच वर्षांनी मूळ मालकाला किंवा भूमिपेढीला परत करण्याची तरतूद आणली. कोळसाधारक क्षेत्र अधिनियमाला त्या कायद्याचे फक्त भरपाई आणि पुनर्वसनाचे भाग लागू झाले. एप्रिल 2022 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खाणकाम संपलेल्या किंवा कोळशासाठी निरुपयोगी ठरलेल्या जमिनींबाबत धोरण मंजूर केले. ते काय म्हणते? मालकी सरकारी कंपनीकडेच राहील आणि जमीन कोळसा किंवा ऊर्जेशी निगडित इतर प्रकल्पांना भाडेपट्ट्याने देता येईल. मूळ शेतकऱ्याचा तिथे संबंध उरत नाही. हा मामला खानदेशाला परका वाटायला नको. धुळे जिल्ह्यात दोंडाईचाजवळ विखरण-मेथी परिसरात औष्णिक प्रकल्पासाठी जमिनी घेतल्या गेल्या. कोळशाचा प्रकल्प उभा राहिला नाही, जमिनीचा उपयोग सौर प्रकल्पाकडे वळला, आणि मोबदल्याच्या तफावतीला कंटाळलेल्या विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतले. जमीन घेण्याचे कारण संपले तरी जमीन घेतलेलीच राहते, ही रीत विखरणात आणि वणीत एकच आहे.

परत करण्याची अट असती तर खाणीचा क्रम कसा बदलला असता, याचे उदाहरण अमेरिकेच्या 1977 च्या खुल्या खाणकाम कायद्यात आहे. त्याने दोन गोष्टी केल्या. जमीन जवळपास पूर्वीच्या चढउतारावर आणायची, आणि ते काम कंपनीने सोडून दिले तर पूर्ण करता येईल एवढी हमी परवान्याआधीच जमा करायची. त्यालाही पळवाट फुटली: काही राज्यांनी बड्या कंपन्यांना स्वतःच्याच पतीवर हमी देऊ दिली, आणि 2015-16 मध्ये त्यांतल्या मोठमोठ्या कंपन्या दिवाळखोरीत गेल्यावर ती हमी कागदाचा तुकडा ठरण्याची वेळ आली. पूर्व जर्मनीत तर हमीच नव्हती. तिथल्या लिग्नाइटच्या विवरांची सफाई एकीकरणानंतर सरकारच्या गळ्यात पडली आणि त्यावर दहा अब्ज युरोंहून अधिक खर्च झाले. खड्ड्याचे पैसे कुणीतरी भरतोच. आधी भरले तर ते वीज वापरणारा भरतो, नंतर भरले तर करदाता.

आपल्याकडे 2009 पासून खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात रक्कम ठेवणे बंधनकारक आहे. खुल्या खाणीसाठी दर हेक्टरी सहा लाख रुपये होता, 2020 मध्ये तो नऊ लाख झाला. ऐकायला रक्कम भरघोस वाटते. पण एका हेक्टरातून दोन लाख टन कोळसा निघतो, हे आठवावे. नऊ लाखांना दोन लाखांनी भागले तर टनामागे साडेचार रुपये येतात. युनिटमागे सातशे ग्रॅम कोळसा, म्हणजे एका युनिटवर एक तृतीयांश पैसासुद्धा नाही. खाणीची एकूण जमीन खोदलेल्या जमिनीच्या दुप्पट धरली तरी पाऊण पैशाच्या आत. या पैशात कुंपण होईल, रोपे लागतील, खाणीचे मुख बंद होईल. बाहेरचा डोंगर उचलून आत टाकणे त्यात बसत नाही, आणि बसावे असा ते ठरवणाऱ्यांचा हेतूही दिसत नाही.

इथे गंभीर आक्षेप खर्चाचा आहे: तो डोंगर परत आत टाकायचा तर कोळसा परवडणार नाही. पाहू. एकूण ओबीचा पाचवा हिस्सा बाहेर पडला आणि घनमीटर ओबी पुन्हा हलवायला शंभर रुपये लागले, असे उदाहरणापुरते गृहीत धरू. चार घनमीटरांना एक टन या हिशेबाने टनामागे 80 रुपये, युनिटमागे साडेपाच-सहा पैसे. काही कमी नाही, शेतकऱ्याच्या बिलात ते जाणवतील. पण ही किंमत कशाची आहे? बेशिस्त क्रमाची. बाहेर पडणारा हिस्सा पाचव्यावरून दहाव्यावर आला की खर्च निम्मा होतो, आणि शेजारच्या संपलेल्या खाणीच्या पोकळीत नव्या खाणीची पहिली ओबी टाकली तर त्याहून घटतो. चंद्रपूर-वणी पट्ट्यात खाणी एकमेकींना लागून आहेत. एका खाणीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीशी जुळवणे ही कल्पना अवघड नाही. ती प्रत्येक खाण स्वतंत्र प्रकल्प म्हणून मंजूर करण्याच्या पद्धतीत बसत नाही, इतकेच.

दुसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावतो. वरचा थर काढून खड्डा भरला आणि खाली आणखी एखादा थर असला, तर तो कायमचा गाडला जातो. राष्ट्रीय संपत्ती वाया घालवायची का? जिथे खालचा थर मोजून सिद्ध झाला आहे आणि तो काढण्याचा वर्षवार कार्यक्रम ठरला आहे, तिथे थांबणे योग्यच. पण ‘कधीतरी खालचा कोळसा काढू’ म्हणून वीस वर्षे विवर उघडे ठेवणे हा संपत्तीचा सांभाळ नाही. उघड्या पडलेल्या कोळशाच्या थराला हवेने आपोआप आग लागते, पाणी भरते आणि खालचा कोळसा तसाही हाताला लागत नाही. मुदत असावी: कार्यक्रम नसेल तर भराव.

खड्ड्यात पाणी साठवा, अवर्षणाच्या मुलखात तलाव मिळेल, असेही सुचवले जाते. पाण्याची किंमत जाणणाऱ्या खानदेशाला हे पटकन पटण्यासारखे आहे, आणि वेकोलिच्या खाणींतले पाणी नागपूर भागात वीज केंद्र आणि पिण्यासाठी वापरले जातेही. हरकत तलावाला नाही. कडे सरळसोट, उतरायला वाट नाही, ढिगाऱ्यांवरून वाहून आलेला गाळ तळाशी, अशा योगायोगाने उरलेल्या डबक्याला तलाव म्हणायला हरकत आहे. तलाव हवा असेल तर त्याचे काठ पहिल्या आराखड्यात आखलेले हवेत, पाणी कोण वापरणार ते गाव नावानिशी लिहिलेले हवे.

राहिली राख. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने वीज केंद्रांनी सगळी राख वापरात आणावी असे ठरवले आणि खाणींचे खड्डे भरणे हा त्यातला एक मार्ग मानला. ओडिशात तालचेरजवळ दक्षिण बालांडा खाणीच्या पोकळीत शेजारच्या केंद्राची राख भरली गेली आहे. मग दीपनगरहून रिकाम्या परतणाऱ्या वाघिणींतून वेल्हाळ्याची राख वणीला पाठवावी का? कल्पना मोहक आहे, पण माझा कल सावध आहे. तालचेरला अंतर काही किलोमीटरांचे होते. इथे ते चारशेच्या आसपास आहे. राखेतले जड धातू भूजलात झिरपू शकतात, आणि संपलेली खाण म्हणजे भूजलाच्या पातळीखाली गेलेला खड्डाच. शिवाय विदर्भाचा कोळसा आणायचा आणि त्याची राख पुन्हा विदर्भाच्याच माथी मारायची, यातला अन्याय वेगळा सांगायला नको. ओबीत ठरावीक प्रमाणात, पाण्याच्या पातळीच्या वर, तपासणीच्या विहिरी खणून राख मिसळता येईल. खड्डा भरण्याचे मुख्य साहित्य मात्र त्याच खड्ड्यातून निघालेली ओबी हेच राहिले पाहिजे. राखेचे निमित्त सापडले की बाहेरचा डोंगर जागेवर ठेवायला आणखी एक सबब मिळेल.

‘कोळशाचे दिवस संपत आले, आता कशाला हा खटाटोप’ असेही कुणी म्हणेल. साक्रीत सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, हे खरे. पण दीपनगरला 660 मेगावॉटचा संच नव्याने उभारला आहे आणि असे संच पंचवीस-तीस वर्षांच्या हिशेबाने उभारतात. उलट कोळशाचे दिवस भरत आले असतील तर घाई जास्त आहे. चालू खाणीकडे डंपर असतात, उत्पन्न असते, माणसे असतात. बंद पडलेल्या खाणीकडे फक्त चौकीदार असतो.

यात खानदेशाने काय करायचे? खाणीची परवानगी आपल्या हाती नाही, पण बिल आपल्या हाती येते. दीपनगर चालवणाऱ्या महानिर्मितीच्या विजेचा दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, त्यात इंधनाचा खर्च ग्राहकाकडे जातो आणि त्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात. आजवर या हरकतींत कोळशाची प्रत, वाहतूक आणि गळती यांवर बोलले गेले, आणि ते रास्तच होते. भुसावळ-जळगावच्या ग्राहक संघटनांनी, धुळ्याच्या शेतकरी संघटनांनी आता त्यात एक मागणी जोडावी: दीपनगरला येणारा कोळसा ज्या खाणींतून येतो तिथे त्या वर्षी किती ओबी बाहेर पडली, किती आत पडली आणि किती हेक्टर जमीन मूळ मालकाला लागवडीयोग्य करून परत दिली, हे तीन आकडे इंधनखर्चाच्या तक्त्याशेजारी छापले जावेत. दोन पैसे जास्त द्यायची तयारी आपण त्याच अर्जात लिहून द्यावी.